नदीसफर विकताना मुक्कामाचा पत्ताही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र संपलं की आपल्या दैनिकात जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सहल कंपन्यांच्या जाहिराती सुरू होतात. चारधाम, दक्षिण भारत, दुबई या नेहमीच्या नावांच्या जोडीला आता गंगेवरच्या बोटसफरी आल्या आहेत. आपल्याकडची साठीच्या पुढची माणसं त्या घ्यायला लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. ज्यांनी आयुष्यभर तापीच्या पुलावरून गाडीतूनच खाली पाहिलं, नाणं टाकलं आणि हात जोडले, त्यांना आता चार दिवस नदीवर राहायला मिळतंय. या जाहिरातींत बोटीच्या खोल्या, जेवण, डेक सगळं रंगीत छापलेलं असतं. बोटीत चढण्याआधीच्या मुक्कामाबद्दल मात्र एकच ओळ असते : ‘वाराणसी येथे गंगेजवळील चांगल्या हॉटेलात मुक्काम.’ हॉटेलचं नाव नाही, मोहल्ला नाही, बोट कुठल्या घाटावरून सुटणार तेही नाही. उतरल्यानंतरच्या रात्रीबद्दल तर बहुतेक ठिकाणी काहीच नसतं. त्याबद्दल हे पत्र.

मी भुसावळला रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर नोकरी केली. निवृत्त झाले तरी गल्लीतली आणि नात्यातली माणसं तिकिटाचं विचारायला माझ्याकडेच येतात. आमचं गाव जंक्शन. महानगरी, कामायनी, ताप्ती-गंगा या काशीकडच्या गाड्या भुसावळवरूनच जातात, त्यामुळे काशीला निघालेला निम्मा खान्देश कधी ना कधी खिडकीशी उभा राहिलेला मी पाहिला आहे. पूर्वी लोक अस्थी घेऊन जायचे, परतताना गंगाजळीचे गडू आणायचे. त्यांचे उपाध्ये ठरलेले, धर्मशाळा ठरलेली, त्यामुळे कुठे उतरायचं हा प्रश्नच नसायचा. बोटसफरीला जाणाऱ्याचं तसं नाही. त्याला कुणी उपाध्ये स्टेशनावर घ्यायला येत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही नात्यातल्या आणि ओळखीच्या बायका, काही जणींचे यजमान, असे मिळून वाराणसी ते पाटणा या टप्प्याच्या बोटीला गेलो. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण अशीच ओळ छापणाऱ्या अनेक आहेत. गाडी पहाटे पोचायची होती. माणिकपूरच्या पुढे धुकं लागलं आणि ती भर सकाळी पोचली. कंपनीच्या गाडीने आम्हाला गोदौलिया चौकाच्या अलीकडे उतरवलं. पुढे गाडी जात नाही, हे तिथे उतरल्यावर कळलं. हॉटेल दशाश्वमेध घाटाच्या मागच्या गल्लीत. गल्ली इतकी अरुंद की समोरून सायकल आली तर भिंतीला चिकटावं लागे. फरशा ओल्या, मध्येच एक बैल बसलेला, आणि हमालाने डोक्यावर दोन बॅगा घेऊन वाट काढलेली. माझी मोठी जाऊ अमळनेरची, दोन्ही गुडघे गेलेली. हॉटेलचा दरवाजा गल्लीपेक्षा सात-आठ पायऱ्या वर, आमच्या खोल्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ती पहिल्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “आते काय करानं माय?” तिला दोघींनी धरून वर नेलं. गच्चीवरून गंगा दिसत होती, ते खरं. पण संध्याकाळच्या आरतीला ती उतरू शकली नाही. ते हॉटेल घ्यायचं कारणच आरती होतं, आणि खालून घंटा वाजताना ती खोलीत पलंगावर बसून होती.

दुसऱ्या दिवशी बोट होती रविदास घाटावरून. म्हणजे तेच सामान, त्याच पायऱ्या, तीच गल्ली, गोदौलियापर्यंत चालत, आणि मग गाडीने शहराच्या दक्षिण टोकाला. अंतर चारेक किलोमीटरचं, पण सकाळच्या गर्दीत आमचा जीव टांगणीला लागला.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट सगळे पश्चिम काठावर, चंद्रकोरीसारखे. दक्षिणेला अस्सी, त्याच्याही पुढे नगव्याकडे रविदास घाट. मध्यभागी दशाश्वमेध, मणिकर्णिका आणि विश्वनाथ. उत्तरेला पंचगंगा, राजघाट, नमो घाट. कँट हे मुख्य रेल्वे स्टेशन नदीपासून आत, दशाश्वमेधपासून पाचेक किलोमीटर. बाबतपूरचा विमानतळ पंचवीसेक किलोमीटर. १३ जानेवारी २०२३ ला ‘गंगा विलास’ ही मोठी बोट दिब्रूगढला निघाली तेव्हा रविदास घाट सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला. ५१ दिवसांचा, सुमारे ३,२०० किलोमीटरचा, २७ नद्यांमधून जाणारा तो प्रवास. बोटीवर १८ खोल्या, ३६ प्रवासी. पहिल्या फेरीत बहुतेक प्रवासी स्वित्झर्लंडचे होते. रविदास घाटाजवळपर्यंत रस्ता येतो, गाड्या लावायला जागा आहे, म्हणून अशा बोटी तिथून सुटणं सोयीचं पडतं. काही वेळा पलीकडे रामनगरच्या टर्मिनलचंही नाव निघतं. २०१८ मध्ये सुरू झालेलं ते मालवाहतुकीचं टर्मिनल पूर्व काठावर आहे, म्हणजे तिथे जायला पूल ओलांडावा लागतो. तेव्हा पैसे भरण्याआधी पहिला प्रश्न हा विचारायचा की बोट नेमकी कुठून सुटणार, आणि हॉटेलपासून तिथपर्यंत चारचाकी दारातून दारापर्यंत जाते का.

माझं मत स्पष्ट आहे. बोटीच्या आदल्या रात्री अस्सी, नगवा किंवा लंका या भागात राहावं. लंका म्हणजे हिंदू विद्यापीठाच्या फाटकाचा भाग. तिथले रस्ते रुंद आहेत, औषधांची दुकानं आणि दवाखाने जवळ आहेत आणि रविदास घाट हाकेच्या अंतरावर. अस्सीवर पहाटे आरती होते, २०१४ पासून ‘सुबह-ए-बनारस’ नावाचा गाण्याचा आणि योगाचा कार्यक्रमही असतो. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांना अस्सीची मोकळी पायरी दशाश्वमेधच्या गर्दीपेक्षा कितीतरी बरी. संध्याकाळची मोठी आरती पाहायचीच असेल तर ती अस्सीवरून नावेत बसून पाण्यातूनच पाहता येते, म्हणजे गल्ली लागतच नाही.

आणि नदीकडच्या खिडकीचे जादा पैसे त्या रात्री मुळीच देऊ नका. पुढचे चार-पाच दिवस तुमच्या खोलीच्या काचेबाहेर गंगाच असणार आहे. ते पैसे लिफ्टवर, पाश्चात्य संडासावर, गरम पाण्यावर आणि दारापर्यंत येणाऱ्या रस्त्यावर खर्च करा. जानेवारीतली काशीची थंडी आपल्या जळगावच्या थंडीसारखी कोरडी नसते. धुक्याची असते, अंथरूण दमट लागतं आणि रात्रभर हाडं कुरकुरतात. गरम पाणी किती वाजल्यापासून येतं हे विचारायला लाजू नये.

कँटकडची मोठी हॉटेलं मोठ्या गटाला वाईट नाहीत. तिथे बस लागते, लिफ्ट असते. पण तिथे राहिलं तर घाटाकडे जाणं-येणं हाच एक दिवसाचा उद्योग होतो.

ज्यांना काशीयात्राच करायची आहे त्यांची गोष्ट वेगळी. विश्वनाथ, अन्नपूर्णा, काळभैरव, पिंडदान हे सगळं बोटीच्या आधी घाईत उरकण्यापेक्षा बोट काशीत संपत असेल अशी फेरी घ्यावी आणि नंतर दोन-तीन रात्री मध्यभागी काढाव्यात. तेव्हा कुठलीही वेळ गाठायची नसते. त्या मुक्कामाला मी मंदिराजवळची जागा घेईन, गल्लीतलीसुद्धा, पण तळमजल्यावरची. १३ डिसेंबर २०२१ ला विश्वनाथ धामाचं लोकार्पण झालं आणि ललिता घाटावरून सरळ मंदिराच्या आवारात जायची वाट झाली, त्यामुळे नावेने येऊन वर चढता येतं. हे मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाईंनी पुन्हा उभं केलं, त्यांच्या नावाचा घाट दशाश्वमेधला लागूनच आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या बाजूला पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. पूर्वी एकदा जाऊबाईंना तिकडे एका ओसरीवर मराठीतून ‘बसा’ म्हटलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो विसावा आला, तो त्या तिसऱ्या मजल्यावर आला नाही.

आता रेल्वेचं सांगते, कारण या सगळ्याची मेख तिथे आहे. बोटीची नोंदणी लोक सहा-सहा महिने आधी करतात. रेल्वेचं आरक्षण मात्र १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वी १२० दिवस होते. म्हणजे बोटीचे पैसे भरताना तुमच्या हातात गाडीचं तिकीट असूच शकत नाही. त्यात डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या पाच-सहा तास सहज उशिरा येतात. बोटीवर चढायची वेळ बहुधा दुपारची असते, आणि बोट एका गाडीसाठी थांबत नाही. म्हणून ‘पहाटे पोचू, दुपारी बोटीत बसू’ असा कार्यक्रम कुणी आखून दिला तर तो घेऊ नये. एक पूर्ण रात्र मध्ये हवीच. धुक्याच्या दिवसांत मी तर दोन सांगेन.

पहाटे पोचण्याचीही एक अडचण आहे. हॉटेलची खोली दुपारी बारापासून मिळते, आणि तुम्ही चार वाजता दारात उभे. कंपनीने लवकर खोली देण्याचं लेखी घ्यावं, नाहीतर स्टेशनवरच्या रिटायरिंग रूमचा उपयोग करावा. निश्चित झालेल्या तिकिटाच्या पीएनआरवर त्या आयआरसीटीसीवरून घेता येतात, बारा तासांसाठीही. आंघोळ करून, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन, पाठ टेकून, मग उजाडल्यावर शांतपणे हॉटेलला जावं. इतकी वर्षं खिडकीवर बसून मी हेच सांगत आले. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. ती परत द्यावी यासाठी मी वेगळं पत्र लिहीन, पण खालच्या बर्थचा कोटा आहे आणि तिकीट काढताना वय बरोबर घातलं तर तो मिळू शकतो.

उतरल्यानंतरच्या रात्रीकडे तर कुणीच पाहत नाही. बोट सकाळी नाश्ता झाला की प्रवाशांना उतरवते. आमची पाटण्याला गायघाटाकडे लागली. ते शहराचं पूर्व टोक. आपल्याकडे सरळ येणारी लोकमान्य टिळक टर्मिनसची गाडी सुटते पाटलीपुत्र स्टेशनवरून, आणि ते आहे पश्चिमेला. कंपनीने खोल्या घेतल्या होत्या पाटणा जंक्शनजवळ, म्हणजे ना या टोकाला ना त्या, शिवाय रात्रभर हॉर्न. उतरल्या दिवशी ज्यांना पाटणा साहिबचं गुरुद्वारा पाहायचं असेल, जिथे १६६६ मध्ये गुरू गोविंदसिंग जन्मले, त्यांनी ते आधी पाहून घ्यावं. ते गायघाटाच्याच बाजूला आहे. मग गंगाकाठच्या जेपी गंगापथाने दीघ्याकडे जाऊन पाटलीपुत्रच्या जवळ मुक्काम करावा. असं केलं असतं तर एक अख्खी दुपार वाचली असती आणि जाऊबाईंना सामान घेऊन आणखी एक जिना चढावा लागला नसता.

कोलकात्याला बोट संपत असेल तर हिशेब आणखी वेगळा. माझा भाऊ आणि वहिनी हुगळीवरची सफर करून आले. चंद्रनगर, काळना, मुर्शिदाबाद असा मार्ग. त्यांना सॉल्ट लेकपलीकडे न्यू टाऊनला ठेवलं होतं. हॉटेल झकपक, पण धक्क्यापासून सगळं शहर ओलांडून. न्यू टाऊन सोयीचं केव्हा? पहाटेचं विमान असेल तेव्हा, कारण दमदमचा विमानतळ त्या अंगाला आहे. आपण खान्देशातली माणसं बहुधा हावड्याहून गाडीने येणार. दुपारची गीतांजली किंवा रात्रीची नागपूरमार्गे येणारी मुंबई मेल, दोन्ही भुसावळला आणून सोडतात. गीतांजली डिसेंबर १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना सुरू झाली, एकाच वर्गाची गाडी म्हणून. आमच्या कार्यालयात तिचं कौतुक तेव्हाही होतं. सकाळी बोटीतून उतरून दुपारची गाडी असेल तर हॉटेलची गरजच नाही. हावड्याच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवावं आणि फेरीबोटीने पलीकडे जाऊन यावं. या गाड्या हावड्याच्या नव्या इमारतीतून सुटतात, हे लक्षात ठेवावं, कारण जुन्या इमारतीतून तिकडे चालायला बराच वेळ जातो. एक रात्र राहायचंच असेल तर एस्प्लनेड, पार्क स्ट्रीट किंवा डलहौसी हा पट्टा घ्यावा. मार्च २०२४ पासून हुगळीच्या खालून मेट्रो जाते, हावडा ते एस्प्लनेड काही मिनिटांत, सरकते जिने आणि लिफ्टही आहेत. हुगळीला भरती-ओहोटी असते, त्यामुळे बोटींच्या वेळा पाण्यावर ठरतात आणि ऐनवेळी मागेपुढे होतात. म्हणून गाडीच्या आणि बोटीच्या मध्ये तिथेही जागा ठेवावीच.

पाण्याचं काशीलाही तसंच आहे, फक्त कारण दुसरं. प्रयागराज ते हल्दिया हा १,६२० किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग १९८६ मध्ये जाहीर झाला. त्यात हल्दिया ते वाराणसी या भागापुरतं पाहिलं तर वरचा गाझीपूर ते वाराणसी हा टप्पा सगळ्यात उथळ. सरकारी आराखड्यातसुद्धा तिथे २.२ मीटर खोलीचंच उद्दिष्ट आहे, तर हल्दिया ते बाढ ३ मीटर. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि नावा बंद होतात. फेब्रुवारीच्या पुढे पाणी आणखी उतरतं. अशा वेळी बोट ठरलेल्या घाटावर न लागता खाली कुठेतरी लागते आणि प्रवाशांना बसने नेतात. बोटवाल्याचा त्यात दोष नाही, नदी आहे ती. पण तुमचं हॉटेल मग चुकीच्या टोकाला पडतं. म्हणून हॉटेलचं आरक्षण रद्द करता येणारं हवं आणि निघण्याच्या दोन दिवस आधी चढायची जागा पुन्हा विचारून घ्यायला हवी. कार्तिक पौर्णिमेला, म्हणजे काशीच्या देवदिवाळीला, हे शक्य नसतं. त्या आठवड्यात काशीत खोली मिळणंच मुश्किल, आणि दर काहीच्या काही. त्या दिवसांत जायचं तर मुक्काम आधी ठरवा, बोट नंतर.

संपादक महोदय, आपल्याकडे माझी मागणी अशी. या जाहिराती छापताना कंपन्यांना चार गोष्टी लिहायला लावा : हॉटेलचं नाव आणि मोहल्ला, बोट चढायची आणि उतरायची जागा, हॉटेलच्या दारापर्यंत चारचाकी जाते की नाही, आणि लिफ्ट आहे की नाही. चौकोनी जाहिरातीत या चार गोष्टी मावतात. बोटीच्या जेवणाची यादी मावते तर ह्याही मावतील. कंपन्यांनी नाही दिलं तर आपल्या पर्यटन पुरवणीतून तरी हे विचारावं. आमच्याकडचे लोक आयुष्यभराची शिल्लक काढून, पोराबाळांची परवानगी घेऊन एकदाच अशा सफरीला जातात. केळीचा एखादा बाग चांगला निघाला म्हणून आई-वडिलांना पाठवणारी रावेर-सावद्याची मुलं मी पाहिली आहेत. त्यांना कळायला हवं की आपली आई त्या रात्री कुठल्या गल्लीत, कितव्या मजल्यावर झोपणार आहे.

यंदाच्या जाहिराती लवकरच सुरू होतील. माझ्या जाऊबाई पुन्हा जायचं म्हणताहेत, या वेळी बोट काशीला संपेल अशी. कंपनीकडे मी हॉटेलचा पत्ता लेखी मागितला आहे. अजून आलेला नाही. आल्याशिवाय आम्ही पैसे भरणार नाही.

आपली,
निवृत्त आरक्षण लिपिक, भुसावळ
(कृपया नाव छापू नये.)